बेलपाड्याच्या डोंगरापासून सेशेल्सपर्यंत

नवी मुंबईतल्या बेलपाड्याच्या मागे खारघरचा डोंगर आहे. त्याचा काळा बेसॉल्ट म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा दख्खनचा लाव्हा. सह्याद्रीच्या माथ्यावर हे थर जवळजवळ आडवे दिसतात. पनवेलच्या पट्ट्यात मात्र ते पश्चिमेला, समुद्राकडे कलतात. भूशास्त्रात या वाकाला नावच आहे, 'पनवेल फ्लेक्शर'! भारताचा पश्चिम किनारा ताणला जाऊन फाटला, त्या घडामोडीशी अनेक संशोधक तो जोडतात.

फाटून गेलेला तुकडा म्हणजे सेशेल्स. सुमारे ६.३ कोटी वर्षांपूर्वी तो सुटू लागला, आज मुंबईपासून ३,२०० किलोमीटरच्या आसपास आहे. तो आपल्याकडचाच, हे कळतं कसं? मला सगळ्यांत भावतो तो ग्रॅनाइटचा पुरावा. भर महासागरातली बेटं सहसा ज्वालामुखीच्या खडकांची असतात. पण सेशेल्सच्या माहे बेटावर सुमारे ७५ कोटी वर्षांचा ग्रॅनाइट आहे, आणि राजस्थानातल्या मालाणी खडकांचं वयही त्याच सुमाराचं! शिवाय तिथल्या सिलुएट बेटावर दख्खनच्या अखेरच्या काळातले ज्वालामुखी खडकही आहेत.

मॉरिशसची गोष्ट आणखी थक्क करणारी. तिथल्या जेमतेम ६० लाख वर्षांच्या खडकात ३०० कोटी वर्षांपर्यंत जुने झिरकॉन या खनिजाचे कण मिळाल्याचं २०१७ साली प्रसिद्ध झालं. म्हणजे त्या बेटाखालीही प्राचीन खंडाचा तुकडा दडलेला असणार.