८, २३, १६, ३१

नीरा डाव्या कालव्यावरच्या गावांत बेण्याची चौकशी करताना ‘को ८६०३२’ एवढे म्हटले की काम भागते. यातला ‘को’ कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेचा, ८६ हे साल आणि ०३२ हा त्या सालातला अनुक्रमांक. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने हाच वाण ‘नीरा’ नावाने शेतकऱ्यांपुढे आणला. पण हीच फोड त्याआधीच्या ‘को ७४०’ला लावली तर ती साफ चुकते. तिथे ७४ हे साल नाही; ७४० हा जुन्या पद्धतीचा सरळ क्रमांक आहे. अंगावर ‘को’चाच शिक्का असला, तरी अंक फोडण्याची रीत मधल्या काळात बदललेली आहे. संगणकांच्या आपसातल्या निरोपांचा प्रश्न नेमका हाच आहे, आणि तो आता उसाच्या फडापर्यंत येऊन पोचला आहे.

बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या साथीने उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग उभा केला. त्यात जमिनीतले सेन्सर, हवामान केंद्र आणि उपग्रहाची छायाचित्रे यांची माहिती एकत्र होते. अशा कोणत्याही व्यवस्थेत एक सर्व्हर दुसऱ्याला काम सांगतो. दूरच्या यंत्रावरचे काम आपल्याच यंत्रावरचे असल्यासारखे करून घेण्याच्या या पद्धतीला रिमोट प्रोसिजर कॉल म्हणतात. तिची पायाभूत मांडणी अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी १९८४ मध्ये केली. आज तिचे गाजलेले रूप म्हणजे गूगलने २०१५ मध्ये खुले केलेले जीआरपीसी. त्यातले निरोप बहुधा प्रोटोकॉल बफर्स या पद्धतीने बांधतात.

समजा, एका फडातल्या मातीचा ओलावा २३ टक्के आहे आणि तापमान ३१ अंश. या पद्धतीत निरोप होतो फक्त चार बाइटांचा: ८, २३, १६, ३१. यातला ८ म्हणजे पहिला खाना, १६ म्हणजे दुसरा. खान्याच्या क्रमांकाला आठने गुणायचे आणि त्यात मजकुराच्या प्रकाराची खूण मिळवायची, साध्या पूर्णांकासाठी ती शून्य. ‘ओलावा’ हा शब्द निरोपात कुठेच नाही. तो असतो वेगळ्या आराखड्यात, आणि हा आराखडा सहसा प्रोग्रॅम तयार करतानाच त्यात मुरवून टाकलेला असतो. म्हणजे ज्याच्याकडे तो प्रोग्रॅम, त्यालाच निरोप कळणार. माझे म्हणणे असे की शेताच्या माहितीबाबत एवढ्यावर भागवून चालणार नाही. सर्व्हरने आपला आराखडा मागणाऱ्या अधिकृत प्रोग्रॅमला द्यावा आणि त्या प्रोग्रॅमने निरोप चालू असतानाच उलगडावा.

मग सरळ उघड्या मजकुरातच का पाठवू नये? ‘मॉइश्चर’ आणि ‘टेम्परेचर’ ही नावे रोमन लिपीत घालून हाच निरोप जेसन पद्धतीने लिहिला तर ३२ बाइट होतात, म्हणजे आठपट. देवनागरीत ‘ओलावा’ हा एक शब्दच १५ बाइट खातो. एका निरोपाचे काही वाटणार नाही; पण हजारो शेतांतून दिवसभर नोंदी येत राहिल्या की तीच नावे पुन्हा पुन्हा वाहून नेण्याचा भार मोठा होतो. बांधणी सोडण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: आराखड्याशिवाय अंदाजाने वाचता येत नाही का? अर्धवट येते, आणि धोका तिथेच आहे. ऋण संख्या थोडक्यात मावाव्यात म्हणून या पद्धतीत एक वेगळी रीत आहे. तिने वाचले तर २३ या बाइटचा अर्थ होतो उणे १२. बाइट तोच, खूणही तीच. उणे ओलावा पाहून माणूस थबकेल, पण तापमानाच्या खान्यातला ३१ त्याच रीतीने उणे १६ होतो, आणि पुढचा हिशेब करणारे यंत्र काही म्हणत नाही. पाणी द्यायचे की थांबायचे हे ज्या आकड्यावर ठरते, तो अंदाजावर सोडणे मला मान्य नाही.

जीआरपीसीत यावर सोय आहे. सर्व्हरवर रिफ्लेक्शन सेवा चालू ठेवली की तो आपल्या सेवांचे आणि निरोपांचे वर्णन स्वतःच सांगतो, आणि गंमत अशी की ते वर्णनही प्रोटोकॉल बफर्सच्याच बांधणीत येते. ते हाती आले की आधी कधीही न पाहिलेला निरोप प्रोग्रॅमला खानेवार उलगडता येतो. हे काम आधीच घडवलेल्या कोडपेक्षा हळू चालते, हे खरे. म्हणून रोजच्या ठरलेल्या मोठ्या ओघाला घडवलेले कोडच वापरावे. तपासणी, दुरुस्ती आणि नव्याने जोडल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमसाठी मात्र ही रीत लागतेच. आराखडा उघड केल्याने चोराला घराचा नकाशा मिळेल, ही भीतीही निराधार नाही. सार्वजनिक सर्व्हरवर अनेक जण ही सेवा बंद ठेवतात ते याचसाठी. पण नकाशा लपवणे म्हणजे कुलूप नव्हे. ओळख तपासूनच आराखडा द्यावा, आणि माहितीला स्वतंत्र परवानगी असावी.

उसाच्या बाबतीत ही निकड जास्त आहे, कारण आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. तेवढ्या काळात सर्व्हरवरचे प्रोग्रॅम कितीतरी वेळा बदलतात. या पट्ट्यात क्षारपड जमिनीचा त्रास जुना. तेव्हा मध्येच कोणी मातीच्या क्षारतेसाठी पूर्णांकाचा तिसरा खाना जोडला, तर निरोपात २४ ही नवी खूण दिसू लागेल. जुना प्रोग्रॅम ती ओलांडून पुढे जाईल. तो बिघडणार नाही, पण क्षारता त्याला दिसणारही नाही. आराखडा विचारणारा प्रोग्रॅम सर्व्हरकडून नवे वर्णन आणेल, आणि लागणीपासूनच्या नोंदींशेजारी क्षारतेचा रकाना त्याच दिवशी उघडेल.