दोन मिनिटांचं उड्डाण

सकाळी ६.३०
स्कॉटलंडच्या उत्तरेची ऑर्कनी बेटं. मे महिना, त्यामुळे पाचच्या आतच उजाडलंय. कर्कवॉलच्या विमानतळावर वैमानिक बाई आयलँडर विमानाच्या पंखाखाली वाकल्यात. टाकीच्या तळातून काचेच्या नळीत थोडं इंधन काढतात, उजेडात धरतात. रंग निळसर, तळाला पाण्याचा थेंब नाही. ठीक.

७.३०
आता माणसांची वजनं. दोन पिस्टन इंजिनांच्या या विमानात जेमतेम आठ प्रवासी मावतात, त्यामुळे कोण कुठं बसणार हे वजनावर ठरतं. सहवैमानिक नसतो, ती जागाही प्रवाशालाच. मधून चालायला वाट नाही, बाजूच्या दारातून थेट आपापल्या रांगेत शिरायचं. बाई मान मागं वळवूनच सुरक्षेच्या सूचना देतात.

८.१५
वेस्ट्रे बेट. काहीजण उतरतात. इथून पापा वेस्ट्रे २.७ किलोमीटर. वेळापत्रकात दोन मिनिटं. विक्रम ५३ सेकंदांचा, म्हणजे ताशी सरासरी १८३ किलोमीटर. लोगनएअरची ही सेवा १९६७ पासून चालू आहे आणि जगातलं सर्वांत छोटं नियमित उड्डाण म्हणून ती ओळखली जाते. चाकं जमीन सोडतात, खाली सामुद्रधुनी, की लगेच समोर धावपट्टी. प्रवाशाचा फोटो काढून होईतो उतरायची तयारी.

८.२०
पापा वेस्ट्रेवर अग्निशमन गाडीशेजारी बेटावरचाच एक शेतकरी उभा आहे. हे त्याचं अर्धवेळ काम. मेंढ्या व्यायच्या दिवसांत गोठ्यातून निघून आलाय. अंगरख्याखाली बुटांना अजून पेंढा चिकटलेला. विमान दोन मिनिटं उडतं, पण त्यासाठी त्याला मात्र आधी येऊन थांबावं लागतं.

११.००
समुद्रावरून धुकं सरकत आलं. बेटं दिसेनाशी झाली. आता दोन मिनिटांच्या प्रवासाला दोन तासही लागतील. ज्यांना घाई आहे ते धक्क्याकडं निघतात; बोटीला वीस-पंचवीस मिनिटं पुरतात.

दुपारी १.३०
वारा फिरला, धुकं विरलं. डोळे तपासायला कर्कवॉलला निघालेल्या आजी पहिल्या रांगेत. पापा वेस्ट्रेवर शंभराच्या आतबाहेर वस्ती. डॉक्टरांचं, शिक्षकांचं येणंजाणं याच विमानानं. तिकिटांचा भार सरकार उचलतं म्हणून हे जमतं.

४.००
आता पर्यटक. पाच हजारांहून अधिक वर्षं जुनी नॅप ऑफ हॉवरची दगडी घरं पाहून झाली, छोट्या उड्डाणाचं प्रमाणपत्रही हाती आलं. ते घड्याळ बघतात. आजी परतताना वाऱ्याची पिशवी बघतात.

६.००
कर्कवॉल. काचेवरचं खारट पाणी पुसून बाई नोंदवही उघडतात. ५३ सेकंदांचा विक्रम करणारे स्टुअर्ट लिंकलेटर या मार्गावर १२,०००हून अधिक वेळा उडाले. बाईंच्या वहीतही तेच गणित: उड्डाणाच्या वेळेचा रकाना हलका, उतरण्याच्या संख्येचा भरगच्च.