निद्रानाशाचा रुग्ण, झोपेची गोळी आणि घरातील बंदूक

आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ आहेत, हे आपण विद्यार्थिदशेतच शिकलो. यांपैकी निद्रेचा स्तंभ ढासळलेला रुग्ण चिकित्सालयात येतो, तेव्हा आपण त्याची प्रकृती, अग्नी, कोष्ठ आणि नाडी पाहतो. चरकाचार्यांनी सांगितलेले भय, चिंता, क्रोध, उपवास, अतिव्यायाम, असुखकर शय्या इत्यादी हेतू शोधतो. परंतु दोन प्रश्न बहुधा विचारायचे राहून जातात. रुग्ण रात्री आधीपासून कोणती गोळी घेतो? आणि त्याच्या घरात हाताशी काय ठेवलेले आहे? या दोन प्रश्नांचा एकमेकांशी असलेला संबंध वैद्यबंधुभगिनींसमोर आणि औषधविक्रेत्यांसमोर मांडावा, हा या लेखाचा हेतू आहे.

काही वर्षांपूर्वी सैन्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ माझ्याकडे आले. निवृत्तीनंतर ते सुरक्षारक्षक म्हणून रात्रपाळी करीत. परवान्याची बारा बोअरची बंदूक हेच त्यांच्या नोकरीचे साधन होते. पाळी बदलली की तीन-तीन रात्री डोळा लागत नसे. वातप्रधान निद्रानाश असे निदान करून मी पादाभ्यंग व शिरोधारा सांगितली आणि सर्पगंधा घनवटी दिली. तिसऱ्या भेटीला त्यांच्या पत्नी सोबत आल्या. त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, परवा रात्री हे उठून खाटेवर बंदूक घेऊन बसले होते. मी हाक मारली, तर ओ दिली नाही. सकाळी विचारलं, तर म्हणाले, मी उठलोच नव्हतो." चौकशी केली तेव्हा कळले, की जुन्या चिठ्ठीवर ते झोल्पिडेमची गोळी घेत होते. बंदूक खाटेखाली होती आणि काडतुसे त्याच पेटीत. सुदैवाने अनर्थ टळला. गोळीविषयी मी विचारलेच नव्हते, आणि बंदुकीविषयी ठाऊक असूनही ती घरात कोठे असते हे विचारले नव्हते. ही चूक माझी होती.

हा प्रकार अपवादात्मक असला तरी अज्ञात नाही. झोल्पिडेम, इझोपिक्लोन व झालेप्लॉन या गोळ्या घेतल्यावर काही रुग्ण अर्धनिद्रेत उठून चालतात, स्वयंपाक करतात, वाहनही चालवतात आणि सकाळी त्यांना काही आठवत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ३० एप्रिल २०१९ रोजी या तिन्ही औषधांवर चौकटीतील इशारा बंधनकारक केला. त्या वेळी २६ वर्षांत नोंदल्या गेलेल्या ६६ गंभीर घटनांचा आधार घेण्यात आला. त्यांपैकी २० घटनांत मृत्यू ओढवला होता, आणि उरलेल्यांच्या इजांमध्ये बंदुकीच्या गोळीने झालेल्या जखमांचाही उल्लेख आहे. असे वर्तन एकदा जरी घडले, तरी ते औषध पुन्हा देऊ नये, असा निर्देश आहे. मद्य किंवा दुसरे निद्राकर औषध सोबत असेल, तर धोका वाढतो.

दुसरा धोका अधिक व्यापक आहे. दीर्घकालीन निद्रानाश हा आत्महत्येच्या विचारांशी निगडित असलेला स्वतंत्र धोका मानला जातो. असा विचार पुष्कळदा लाटेसारखा येतो व ओसरतो. लाट तीव्र असते तो काळ काही मिनिटांचाही असू शकतो. त्या काळात घातक वस्तू हाताशी नसेल, तर अनेक जीव वाचतात. श्रीलंकेने १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि तेथील आत्महत्यांचे प्रमाण पुढील दोन दशकांत मोठ्या प्रमाणात घटले. माणसे तीच, दुःखे तीच. केवळ साधन दूर गेले. आपल्या मराठवाड्यात बंदुका थोड्या घरांत, पण कीटकनाशकाचे डबे घरोघरी आहेत. म्हणून बंदुकीला लागू असलेला नियम त्या डब्यालाही लागू आहे.

आता आपल्या स्वतःच्या औषधांकडे वळू. सर्पगंधेचा इतिहास आपल्याला अभिमानास्पद आहे. १९३१ मध्ये गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्यावर लिहिले, १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी तिचा रक्तदाबावरील उपयोग जगापुढे मांडला आणि १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पीन वेगळे करण्यात आले. त्याच रेसर्पीनमुळे मनाला अवसाद येऊ शकतो, हेही पुढे नोंदले गेले. म्हणून अवसादाचा पूर्वेतिहास असलेल्या रुग्णास सर्पगंधा देऊ नये. सर्पगंधा घनवटीच्या प्रचलित पाठात खुरासनी ओवा व भांगही असते. ही दोन्ही द्रव्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील नियमांच्या अनुसूची ई (१) मध्ये विषद्रव्ये म्हणून समाविष्ट आहेत. त्यामुळे 'आयुर्वेदिक आहे, काही होत नाही' असे सांगून ही वटी हातावर ठेवणे शास्त्रालाही धरून नाही आणि नियमालाही नाही. माझ्या रुग्णास झोल्पिडेमच्या जोडीला हीच वटी मी दिली होती.

व्यवहारात पुढील गोष्टी पाळाव्यात, असे सुचवितो.

१. प्रत्येक निद्रानाशाच्या रुग्णास चालू असलेल्या सर्व गोळ्या पाकिटासह आणावयास सांगावे. घोरणे, मद्यपान, रात्रपाळी आणि मनाची उदासी यांविषयी विचारावे.

२. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम यांसारख्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यास 'आजपासून बंद करा' असे कदापि सांगू नये. एकाएकी बंद केल्यास बेचैनी, उलट वाढलेला निद्रानाश, प्रसंगी आकडीही येते. मूळ चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू उतरवावी. अर्धनिद्रेतील वर्तन घडले असेल, तर त्याच दिवशी त्यांच्याशी संपर्क साधावा.

३. औषधविक्रेत्यांनी ध्यानात घ्यावे, की वरील तिन्ही गोळ्या व झोल्पिडेम १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या अनुसूची एच-१ मध्ये आहेत. रुग्ण, चिठ्ठी देणारा डॉक्टर, औषध व संख्या यांची स्वतंत्र नोंदवहीत नोंद करून ती वही तीन वर्षे जपावयाची असते. जुन्या चिठ्ठीवर पुन्हा पुन्हा गोळ्या देणे ही ग्राहकसेवा नव्हे.

४. घरात परवान्याचे शस्त्र आहे काय, हे सहजपणे पण स्पष्ट विचारावे. "आम्ही सर्वांनाच विचारतो" असे म्हटले, की रुग्ण दुखावत नाही. शस्त्र रिकामे करून कुलपात आणि काडतुसे वेगळ्या कुलपात असावीत. शस्त्र नियम, २०१६ अन्वये सुरक्षित साठवणीची जबाबदारी परवानाधारकावरच आहे. गोळी चालू असेपर्यंत किल्ली रुग्णाकडे नसावी.

५. धोका अधिक वाटल्यास शस्त्र काही काळ घराबाहेर जावे. मात्र ते भावाकडे किंवा शेजाऱ्याकडे ठेवावयास सांगू नये. शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे हा गुन्हा आहे. निवडणुकीच्या काळात जशी शस्त्रे जमा होतात, तसे पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे रीतसर जमा करण्याविषयी पोलीस ठाण्यात चौकशी करावयास सांगावे. कीटकनाशकाचा डबा मात्र शेतावरच्या कुलपात ठेवता येतो.

६. जगण्याचा कंटाळा आल्याचे शब्द रुग्णाच्या तोंडी आले, तर 'जीव द्यावासा वाटतो का?' असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार बळावत नाही. अशा रुग्णास एकटे सोडू नये आणि आपल्या शहरातील घाटी रुग्णालयाच्या किंवा अन्य मानसोपचारतज्ज्ञाकडे त्याच दिवशी पाठवावे. केंद्र शासनाची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

माझ्या रुग्णाची हकिगत पूर्ण करतो. वटी मी त्याच दिवशी थांबविली. गोळी त्यांच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद झाली. तोवर बंदूक रीतसर जमा राहिली आणि मालकांनी त्यांना काही महिने दिवसपाळी दिली. पादाभ्यंग, सायंकाळी लघु आहार, रात्री कोमट दूध व झोपण्या-उठण्याची ठरलेली वेळ, एवढ्यावर झोप पुष्कळ सुधारली. बंदूक जमा करावी लागली, तेव्हा त्या सैनिकाला फार अपमान वाटला होता. पुढे त्यांच्या पत्नी एवढेच म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, त्या महिन्यात मीसुद्धा झोपले."

निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले अंग आहे. ज्या घरात रुग्ण झोपतो, त्या घरातील धोका दूर करणे हेही परिवर्जनच होय. आपापल्या केसपेपरवर 'चालू गोळ्या' आणि 'घरातील घातक वस्तू' असे दोन रकाने वाढवावेत, ही सर्व वैद्यांना विनंती.