हात बसायला गाडी लागते

क्लासला येणाऱ्या बायका पहिल्या दिवशी सांगून टाकतात, "मॅडम, मला भीती वाटते." पुरुषांनाही वाटते, ते फक्त सांगत नाहीत. अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात ड्रायव्हिंग शिकवता शिकवता माझं मत पक्कं झालंय, की बाईला हिंमत कमी पडत नाही, गाडी कमी पडते. कल्याण आरटीओतून लायसन्स मिळतं, पेढे वाटले जातात आणि घरची गाडी रविवारीसुद्धा नवराच बाहेर काढतो. वर्षभराने तीच बाई रिफ्रेशर कोर्सला हजर. हातच बसला नाही, तर भीती जाणार कुठून?

अशांना मी पुण्याच्या डायना पुंडोलेची गोष्ट सांगते. ऑगस्ट २०२४ मध्ये चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर तिने राष्ट्रीय कार रेसिंग स्पर्धेत सलून गटाचं, म्हणजे छप्पर असलेल्या नेहमीच्या मोटारींच्या गटाचं, विजेतेपद पटकावलं. कार रेसिंगमध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. आणि हा काही बायकांसाठी वेगळा काढलेला गट नव्हे. तीच रांग, तोच सिग्नल, शेजारच्या गाडीत पुरुष. मोटारीच्या शर्यतीत बहुतेक ठिकाणी हे असंच असतं, हे माझ्या विद्यार्थिनींना खरंच वाटत नाही.

डायना पेशाने शिक्षिका, दोन मुलांची आई. शर्यतींचं वेड वडिलांकडून आलेलं. पण वेड असून भागत नाही, ट्रॅकवर जायला वाट लागते. ती तिला २०१८ मध्ये मिळाली. जेके टायरने महिला रेसर निवडण्यासाठी कार्यक्रम काढला होता, त्यात तिची निवड झाली. म्हणजे पहिल्या संधीपासून राष्ट्रीय विजेतेपदापर्यंत सहा वर्षं. बहुतेक रेसर शाळेच्या वयातच कार्टिंगला लागतात. हिने संसार, नोकरी, मुलं सांभाळून, मोठेपणी सुरुवात केली. पुण्याहून सरावाला जायचं म्हणजे चेन्नई नाहीतर कोइंबतूर गाठायचं, कारण देशातले जुने, मोठे ट्रॅक तिकडे.

टीव्हीवर आपल्याला वेग दिसतो. आत बसलेल्याचं सगळं लक्ष ब्रेकवर असतं. सरळ रस्त्यावर अॅक्सिलरेटर दाबून धरायला फारशी अक्कल लागत नाही, ते आमच्याकडे कर्जत रस्त्यावर पोरं रोज करून दाखवतात. (हेल्मेट आरशाला लटकवून.) मद्रास सर्किटची एक फेरी साधारण ३.७ किलोमीटरची, बारा वळणांची. वळण येण्याआधी, गाडी सरळ असतानाच, शक्य तितक्या उशिरा कचकन ब्रेक. मग गिअर खाली. बाहेरच्या कडेने वळणात शिरायचं, आतल्या टोकाला चाटून जायचं आणि पुन्हा बाहेरच्या कडेला यायचं. कारण टायरची पकड महिन्याच्या पगारासारखी ठरलेली असते. सगळी ब्रेकवर उडवली, तर वळायला उरत नाही आणि गाडी सटकते. प्रत्येक फेरीला, प्रत्येक वळणावर हा हिशेब पायाने करायचा. अंगात आग न धरणारा जाड सूट, डोक्यावर हेल्मेट, खांद्यापासून मांड्यांपर्यंत आवळलेले पट्टे, गाडी उलटली तरी छप्पर दबू नये म्हणून आजूबाजूला लोखंडी नळ्यांचा पिंजरा. त्यात चेन्नईचा उकाडा. हे सगळं डोक्याने कळायला एक दुपार पुरते. पायाला कळायला मात्र ट्रॅकवर फेऱ्याच माराव्या लागतात आणि प्रत्येक फेरीला टायर, पेट्रोल, पैसा जळतो.

इटलीच्या लेला लोंबार्दीची गोष्ट मला म्हणूनच आवडते. १९७५ च्या स्पॅनिश ग्रां प्रीत ती सहावी आली. अपघातामुळे शर्यत मध्येच थांबवली, म्हणून गुण निम्मेच दिले गेले. तिच्या वाट्याला आला अर्धा गुण. फॉर्म्युला वनमध्ये आजवर बाईने मिळवलेला तेवढाच. ही लोंबार्दी खाटकाची मुलगी, दुकानाचं मटण पोचवायची व्हॅन चालवायची. तिचा हात तिथे बसला. फ्रान्सच्या मिशेल मूतोंने १९८१ मध्ये सानरेमोची जागतिक रॅली जिंकली, शेजारी रस्त्याच्या नोंदी वाचून दाखवायला फाब्रित्सिया पोन्स. पुढच्या वर्षी तिने पोर्तुगाल, ग्रीस, ब्राझील अशा तीन रॅली मारल्या आणि जगज्जेतेपदाच्या शर्यतीत दुसरी आली. आपल्या बेंगळुरूच्या ऐश्वर्या पिस्सेने २०१९ मध्ये मोटारसायकलच्या बाहा, म्हणजे खडबडीत मोकळ्या रानातल्या शर्यतींच्या, विश्वचषकात महिला गट जिंकला. या प्रत्येकीच्या हातात कुणीतरी चावी दिली होती, हे माझं आपलं निरीक्षण.

पुंडोलेची बढती सलूनवर थांबली नाही. नोव्हेंबर २०२५ पासूनच्या मोसमात मध्यपूर्वेतल्या फेरारी मालिकेत फेरारी २९६ चॅलेंज चालवणारी पहिली भारतीय महिला म्हणून तिचं नाव जाहीर झालं.

"मॅडम, आपल्यासारख्यांना जमेल?" उल्हासनगर कॅम्प चारची एक पोरगी मला विचारत होती. पुलावरच्या चढावर हाफ क्लचवर गाडी धरताना, मागून रिक्षावाला हॉर्न कोकलत असताना. चढावर गाडी मागे घसरली नाही, म्हणजे पोरीचं डोकं शांत आहे. मी तिला खरं ते सांगितलं. ट्रॅकवर उतरायला एफएमएससीआय या राष्ट्रीय महासंघाचा परवाना लागतो, त्यासाठी प्रशिक्षण आणि वैद्यकीय दाखला. खर्च मोठा, प्रायोजक नसेल तर मध्यमवर्गाचा नाहीच. त्यामानाने रॅली परवडते. वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनने मुंबईहून अॅम्बी व्हॅलीपर्यंत फक्त महिलांच्या रॅली भरवल्यात. त्यात वेगाला बक्षीस नसतं. ठरवून दिलेल्या वेगाने, ठरलेल्या वेळेला पोचायचं. लवकर पोचलात तरी दंड. शेजारी बसणारी गणित करते, चालवणारी ऐकते. घरच्या गाडीनेही भाग घेता येतो.

"घरची गाडी म्हणजे पप्पांचा टेम्पो," ती म्हणाली. बापाचा फर्निचर पोचवायचा धंदा.

मी तिला लोंबार्दीची व्हॅन सांगितली. बाप आधी हसला, मग माझ्याकडे चौकशीला आला, मग म्हणाला, पोरीच्या जातीला टेम्पो शोभतो का. मी विचारलं, ड्रायव्हरला पगार किती देता? तो आकडा ऐकून त्याचा त्यालाच विचार पडला. आता सकाळच्या कल्याणच्या फेऱ्या तीच मारते. रिव्हर्स अजून वाकडा जातो, आणि शहाड पुलाजवळ ती ब्रेक जरा लवकरच मारते, असं बापच तक्रारीच्या सुरात सांगत होता.