धोबीतलावावरची गोव्याची गावे

मुंबईत धोबीतलावच्या नाक्यावर जेर महाल नावाची जुनी इमारत आहे. तिथे वरच्या मजल्यांवर गोव्यातल्या गावांच्या ‘कुडी’, म्हणजे राहण्याच्या सामायिक खोल्या, आहेत. पोटासाठी मुंबई गाठलेल्या गोवेकर ख्रिस्ती पुरुषांनी एकोणिसाव्या शतकापासून अशा कुडी उभ्या केल्या. ज्या गावाची कूड, त्याच गावच्या माणसाला तिथे जागा. आणि कुडीला नाव बहुधा गावच्या संताचे. धोबीतलाव, डाबूळ, कावेल, माझगाव या भागांत एके काळी त्या शेकड्यांनी होत्या.

चर्चपासून लांब पडलेल्या माणसाने आपला धर्मग्राम कसा धरून ठेवायचा, हा प्रश्न करोनाच्या दिवसांत घरोघरी पडला. कुडींनी त्याचे उत्तर फार आधी शोधले होते आणि मला ते अजूनही सर्वांत भक्कम वाटते.

कुडीत राहणारे बरेचसे बोटीवरचे: पी अँड ओ, ब्रिटिश इंडिया अशा कंपन्यांच्या जहाजांवरचे कुक, स्ट्युअर्ड, बेकर. एक सफर संपून दुसरी मिळेपर्यंत त्यांचा मुक्काम इथे. खोली म्हणजे एक लांबट हॉल. भिंतीला लागून पेट्यांची रांग, आणि रात्री चटई अंथरायची ती आपल्या पेटीसमोर. मालक महिनोन्‌महिने समुद्रावर असला तरी पेटी जागच्या जागी. हॉलमध्ये मानाची जागा आल्ताराची: गावच्या संताची मूर्ती, फुले, दिव्यांची माळ.

संध्याकाळी त्या आल्तारासमोर तेर्स, म्हणजे रोझरीची प्रार्थना. तिला सूट नव्हती. कोणी चुकवली तर विचारणा व्हायची, काही कुडींत दंडही बसायचा. सगळे गुडघ्यांवर, जपमाळेची पाच दशके, मागोमाग लदाईन, म्हणजे मारियेची स्तुतिमाला, मग गावातल्या मृतांसाठी प्रार्थना. तिकडे गोव्यात तिन्हीसांजेची घंटा झाली की घराघरांत हेच चाललेले असे. बायको गावी आणि नवरा मुंबईत, पण दोघांची संध्याकाळ एकच.

कुडीचे खरे बळ मला त्या सक्तीत दिसते. तेर्सला कोण आला नाही हे रोज कळायचे. मग चौकशी सुरू व्हायची: ताप आहे का, बोट चुकली का, घरून वाईट पत्र आले का, दारूच्या नादाला लागला का? वर्गणीच्या पैशातून बेकाराला हात दिला जायचा, परक्या शहरात मेलेल्याचा दफनविधी रीतसर व्हायचा. गावच्या संताचे फेस्त आले की नऊ दिवसांची नोव्हेना, मिस्सा आणि एकत्र जेवण. आपली गैरहजेरी कोणाच्या तरी लक्षात येते, याचा केवढा आधार असतो, ते परगावी एकट्याने दिवस काढलेल्याला वेगळे सांगावे लागत नाही.

या आधाराची कसोटी पन्नाशीच्या दशकात लागली. गोव्यात पोर्तुगीज राजवट होती. भारताने नाकेबंदी कडक केली आणि १९५५ साली रेल्वेचा मार्गही बंद झाला. पुढे १९६१ साली गोवा मुक्त होईपर्यंत गावी जाणे अनेकांना जवळजवळ अशक्य होऊन बसले. त्या वर्षांत कुडीतला आल्तार हाच त्यांच्या वाट्याला आलेला गाव होता.

उणेही सांगायला हवे. कुडी पुरुषांच्या. साहेबांच्या आणि शेठजींच्या घरी आया म्हणून राबणाऱ्या गोवेकर बायकांना असा आसरा क्वचितच मिळाला. त्यांची तेर्स मालकाच्या स्वयंपाकघरातच झाली असणार.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे चर्चची दारे बंद झाली आणि मिस्सा मोबाइलवर आली. सेंट पीटर्स चौकात पावसात एकटे उभे राहून प्रार्थना करणारे पोप फ्रान्सिस जगाने पाहिले. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी, आखातात रविवारी ड्युटी असलेल्यांसाठी मिस्सेचे असे प्रक्षेपण मोलाचे होते, आजही आहे. पण इंटरनेटवर साक्रामेंत, म्हणजे चर्चचे पवित्र संस्कार, होत नाहीत, हे व्हॅटिकनने २००२ सालीच स्पष्ट केले होते. ख्रिस्तप्रसाद पडद्यातून हाती येत नाही. मला याहून जास्त बोचते ते दुसरेच. मिस्सा अर्ध्यावर बंद केली, तरी शेजारी विचारणारे कोणी नसते.

आता गोव्याचे तरुण विमानाने थेट दुबईला जातात; २०२० अखेरपर्यंत पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडात स्विंडनलाही जात असत. मुंबईत मुक्काम करायचे कारण उरले नाही. कुडी ओस पडत चालल्या, कित्येक बंद झाल्या. परक्या देशात कोकणी मिस्सेला जमणारी मंडळी आहेत आणि गावाच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅप गटही आहेत. त्या गटांवर फेस्ताचे फोटो येतात, वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात. त्यांतल्या दहा जणांनी ठरलेल्या वेळी एकमेकांना फोन लावून तेर्स म्हणायची आणि जो आला नाही त्याला त्याच रात्री फोन करायचा, एवढे केले तरी कुडीतला अर्धा नियम पाळल्यासारखा होईल. उरलेला अर्धा, आजाऱ्याच्या उशाशी बसण्याचा आणि मेलेल्याला खांदा देण्याचा, तो मात्र तिथे जवळ राहणाऱ्या गाववाल्यांनाच पाळावा लागेल.