पत्रापासून पाट्यांपर्यंत

आजचा शोधनिबंध उघडला, की सारांश, प्रस्तावना, पद्धती, निरीक्षणे, चर्चा अशा पाट्या ओळीने भेटतात. मार्च १६६५मध्ये हेन्री ओल्डेनबर्गने लंडनमध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हे नियतकालिक सुरू केले, तेव्हा यातली एकही नव्हती. शोध बहुधा पत्रातूनच कळवला जाई.

न्यूटनचे १६७२चे प्रकाशावरचे लेखन हे असेच ओल्डेनबर्गला लिहिलेले पत्र. खोली अंधारी केली, खिडकीच्या झडपेला बारीक भोक पाडले, आत आलेला उजेड लोलकातून भिंतीवर घेतला. रंग पाहून आधी मौज वाटली, मग खटकले: ठिपका गोल हवा होता, हा तर रुंदीच्या पाचपट लांब! काचेच्या जाडीमुळे? भोकाच्या आकारामुळे? एकेक शंका तो स्वतःच काढतो आणि निकालात काढतो. वाचक मागोमाग चालत राहतो.

पुढे शाखा फुटल्या, नियतकालिके वाढली, सगळे वाचणे कुणालाच शक्य राहिले नाही. ‘मी’ मागे सरला आणि ‘द्रावण तापवण्यात आले’ची भाषा आली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रस्तावना, पद्धती, निरीक्षणे, चर्चा असा चार भागांचा साचा वैद्यकीय नियतकालिकांत पक्का झाला.

तरी वाट दाखवण्याची कला मेली नाही. १९५३चा वॉटसन-क्रिक यांचा डीएनएवरचा लेख जेमतेम पानभराचा. सुरुवातीलाच ते पॉलिंग आणि कोरी यांची रचना मांडतात, ती का पटत नाही ते सांगतात, आणि मगच आपली पुढे करतात. आधी क्षेत्र, मग त्यातली उणीव, मग आपली जागा: प्रस्तावनेच्या या तीन पायऱ्या भाषाभ्यासक जॉन स्वेल्स यांनी १९९०च्या पुस्तकात नीट उलगडून दाखवल्या.

पाट्यांवर एक मोठा आक्षेप जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांचा. १९६३मध्ये बीबीसीवरील भाषणात त्यांनी विचारले, शोधनिबंध ही फसवणूक तर नव्हे? कल्पना आधी सुचते, पण निबंधात ती निरीक्षणांतून आपोआप उगवल्यासारखी शेवटी येते. चर्चा आरंभीच घ्या, असे त्यांचे म्हणणे होते.

ते फारसे कुणी ऐकले नाही. पाट्यांनी वाचकाचा वेळ वाचला हे खरे, पण चालणाऱ्याची पावले पुसली गेली. म्हणून पुढचा निबंध हाती घ्याल तेव्हा प्रस्तावनेतला ‘मात्र’ किंवा ‘तथापि’ आधी शोधा. लेखकाला काय खटकले ते बहुधा तिथेच असते. वाचायला सुरुवात तिथून करा.