अवजारांची पेटी

(समुदाय रेडिओवर दिलेलं भाषण)

मी भोकरदन तालुक्यातून बोलतेय, बचत गटाची समन्वयक. बाहेर झड लागलीय, रानात वाफसा नाही, म्हणजे आज बऱ्याच जणी घरात असणार. म्हणून हातानं करायचं काम घेऊन आलेय. घरातली जुनी अवजारं नीट ठेवायला लाकडी पेटी कशी करायची, ते आज सांगते.

आधी ही पेटी आमच्या डोक्यात कशी आली ते ऐका.

आमच्या गटात एक काकू आहेत. सगळे त्यांना सुतारकाकू म्हणतात, कारण काका सुतार होते. तिफण, पाभर, वखर, बैलगाडीची चाकं, सगळं त्यांच्या हातचं. पुढं ट्रॅक्टर आले, लोखंडी पेरणीयंत्रं आली आणि बलुत्याचं धान्य बंद झालं. दोन वर्षांपूर्वी काका गेले. वर्षश्राद्धानंतर एक दिवस मी बैठकीचं सांगायला गेले, तर दारात भंगारवाला तराजू लावून उभा. वाकस, रंधा, चार पटाश्या, गिरमिट, करवत, हातोडी, सगळं मिळून 11 किलो. भाव 28 रुपये किलो, म्हणजे 308 रुपये.

आपल्या जालन्याचं भंगार कुठं जातं ते तुम्हाला माहीत आहे. एमआयडीसीतल्या भट्ट्यांत वितळतं आणि सळया होऊन बाहेर पडतं. त्यात वाईट काही नाही, त्यावर हजारो घरं चालतात. पण धार असलेली पटाशी आणि फुटकी बादली एकाच भावानं जावी, हे मला सोसेना. मी म्हटलं, "काकू, आठ दिवस थांबा."

काकू म्हणाल्या, "ठेवू कुठं माय? कोपऱ्यात गंजत्यात. लेकरू येऊन हात कापून घेतं."

त्यांचं खरं होतं. खंडेनवमीला आपण अवजारांना हळद-कुंकू वाहतो, झेंडूची फुलं घालतो. एक दिवस पूजा आणि बाकीचे दिवस गोठ्याच्या वळचणीला. म्हणून ठरलं, आधी पेटी करायची.

लाकूड कोणतं घ्यावं

नवं सागवान परवडत नाही. पाडलेल्या घराचं जुनं दार मिळालं तर सोनंच. जुनं लाकूड पूर्ण वाळलेलं असतं, वाकडं होत नाही. फक्त त्यात मोडलेले खिळे दडलेले असतात. बिघडलेल्या रेडिओच्या स्पीकरमधलं चुंबक फळीवरून फिरवा, खिळा असेल तिथं ते चिकटतं. तसं केलं नाही तर करवतीचे दात जातात.

कारखान्यातून येणारे खोके आणि पॅलेटही चालतात. त्यांवर इंग्रजी अक्षरांचा शिक्का असतो. 'एचटी' म्हणजे लाकूड उष्णता देऊन कीडमुक्त केलेलं, ते घ्या. 'एमबी' म्हणजे विषारी वायूची धुरी दिलेलं, ते घेऊ नका आणि चुलीतही घालू नका.

बाभूळ दांड्याला उत्तम, पण ओल्या बाभळीची पेटी करू नका. बाभळीच्या सालीनं कातडं कमावतात, कारण तिच्यात टॅनिन असतं. ओलसर लाकडातलं हे टॅनिन लोखंडाला लागलं की काळेनिळे डाग पडतात.

मापं

बाजारातून पेटी आणून अवजारं कोंबायची नाहीत. अवजारं जमिनीवर मांडा आणि सगळ्यात लांब कोणतं ते मोजा. आमची करवत मुठीसकट 24 इंच भरली. म्हणून पेटी आतून 26 इंच लांब, 12 इंच रुंद आणि 10 इंच खोल धरली. पाऊण इंच जाडीच्या फळीचा हिशोब असा:

लांब बाजूच्या दोन फळ्या: साडेसत्तावीस इंच लांब, 10 इंच रुंद.
आखूड बाजूच्या दोन फळ्या: 12 इंच लांब, 10 इंच रुंद.
तळासाठी: साडेतेरा इंच लांबीचे तुकडे, एकाशेजारी एक बसतील तेवढे.
झाकण: साडेसत्तावीस इंच लांब, 14 इंच रुंद.

10 इंच रुंदीची फळी नसेल तर 5 इंचांच्या दोन शेजारी ठेवा आणि बाहेरून उभ्या पट्ट्यांनी जोडा.

जोडणी

आखूड फळ्या लांब फळ्यांच्या मध्ये बसवा. प्रत्येक कोपऱ्यात दोन इंची तीन स्क्रू, म्हणजे एकूण 12. आधी गिरमिटानं स्क्रूपेक्षा बारीक भोक पाडा, मगच पिळा. सरळ ठोकलं तर वाळलेली फळी टोकाला चिरते. खिळेच वापरायचे असतील तर टोक हातोडीनं जरा बोथट करा. अणकुचीदार टोक लाकडाचे रेषे फाकवतं, बोथट टोक ते तोडत जातं, म्हणून फळी कमी चिरते. ही युक्ती काकूंची.

चौकट झाली की ती काटकोनात आहे का ते बघा. गुण्या नसेल तर दोरी घ्या. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मोजा, मग दुसरी तिरकी जोडी मोजा. आपल्या मापात दोन्हीकडं साडेतीस इंचांच्या जरा वर यायला पाहिजे. फरक आला तर लांब भरणाऱ्या दोन कोपऱ्यांना धरून हळूच दाबा. हे तळ ठोकायच्या आधीच करायचं, नंतर चौकट हलत नाही.

तळाचे तुकडे आडवे मारा आणि दोन तुकड्यांत एका नाण्याच्या जाडीची फट सोडा. पावसाळ्यात लाकूड फुगतं, त्याला जागा लागते. हवाही खेळते, आणि उंदीर काही तेवढ्या फटीतून येत नाही. तळाखाली दोन इंची चौकोनी दोन लाकडं लांबीच्या बाजूंनी ठोका. हे पेटीचे पाय.

हे पाय आम्ही पहिल्या पेटीला लावले नव्हते. फटीही ठेवल्या नव्हत्या. वर हौसेनं प्लास्टिकचा कागद गुंडाळला आणि पेटी सारवलेल्या जमिनीवर ठेवली. पोळ्याला उघडली तर आत सगळं लाल. जमिनीची ओल खालून चढली आणि प्लास्टिकनं ती आतच कोंडली. एका कोपऱ्यात वाळवीची मातीही दिसली. तेव्हा पाय हवेतच, आणि प्लास्टिक नकोच.

आत, तळापासून 6 इंचांवर, दोन्ही लांब फळ्यांना अर्धा इंच जाडीची पट्टी मारा. त्यावर 13 इंच लांब, पावणेबारा इंच रुंद आणि अडीच इंच उंच असा उथळ कप्पा ठेवा. तो डावीकडं-उजवीकडं सरकतो. पटाश्या, पेन्सिल, कानस, पाना कप्प्यात. रंधा, वाकस, हातोडी खाली. पटाश्यांच्या धारेला जुन्या चपलेच्या रबराची टोपी करा. करवत झाकणाला आतून लाकडी फिरकीनं अडकवा.

झाकणावर बाहेरून दोन आडव्या पट्ट्या मारा, म्हणजे ते वाकणार नाही. मागं दोन बिजागऱ्या, पुढं कडी-कोयंडा. झाकण मागं पडून बिजागऱ्या उपटू नयेत म्हणून आतून दोरी बांधा. उचलायला दोन्ही टोकांना जाड दोरीचे कान करा. रिकामी पेटीच 10-12 किलो भरते, तेव्हा उचलताना दोघी असा.

ठेवण्याआधी

गंजलेलं अवजार चिंचेच्या घट्ट पाण्यात दोन-तीन तास ठेवा. चिंचेतलं आम्ल गंज सैल करतं. मग विटकरीच्या भुकटीनं घासा, सोड्याच्या पाण्यानं धुवा आणि लगेच पुसून उन्हात वाळवा. आम्ल राहिलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा गंज चढतो. वाळल्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा. खायचं तेल नको, ते चिकट होतं आणि धूळ धरतं.

लाकडी दांड्याला मात्र जवसाचं तेल चांगलं, पातळ लावून पुसून घ्यायचं. एक गोष्ट कान देऊन ऐका. जवसाच्या तेलाचा बोळा चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता धरतं आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ती दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

शेवटचं काम वहीचं. पेटीत काय आहे त्याची यादी करा आणि झाकणाच्या आतून चिकटवा. कोण घेऊन गेलं, कधी आणलं, तेही लिहा. आमच्या गटात आता खुरपी, विळे, मोसंबीच्या छाटणीच्या कात्र्या यांचीही पेटी आहे. यादी आल्यापासून "माझा विळा कुणी नेला" हे भांडण बंद झालं.

आता काकूंचं सांगते. पेटी करायला आम्ही पाचजणी बसलो, तेव्हा आम्हाला वाटलं की सुतार बोलवावा लागेल. काकूंनी गुडघ्याखाली फळी धरली आणि करवत चालवली. रेघ जराही सुटली नाही. आम्ही बघतच राहिलो. त्या म्हणाल्या, "तीस वर्षं करवतीचं दुसरं टोक कोण धरत होतं? मीच की."

तीस वर्षं त्यांनी हे काम केलं, पण गावानं त्यांना सुताराची बायको म्हटलं, सुतार कुणी म्हटलं नाही. आमच्याही वहीत त्यांच्या नावापुढं 'घरकाम' लिहिलं होतं, आणि ते माझ्याच अक्षरात होतं. मी ते खोडून 'सुतारकाम' लिहिलं.

आज काकू कुऱ्हाडीला, कुदळीला, खुरप्याला दांडे बसवून देतात. फार पैसे नाहीत, पण बाजारच्या दिवशी हातात स्वतःचे चार रुपये असतात. गावात एक-दोघं कुरकुरले, "बाईमाणसानं वाकस धरावा का?" त्यांच्याच घरून तिसऱ्या दिवशी कुऱ्हाड दांड्याला आली.

तुमच्यात कुणी असं काम करत असेल तर पीएम विश्वकर्मा योजनेची चौकशी करा. ती 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झाली. सुतार, लोहार, कुंभार, शिंपी धरून 18 व्यवसाय तिच्यात आहेत. प्रशिक्षणात रोज 500 रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आणि पुढं 5 टक्के व्याजानं विनातारण कर्ज, अशी तिची रचना आहे. वय 18 च्या वर हवं, आणि एका घरातून एकालाच लाभ मिळतो. तो एक माणूस बाईसुद्धा असू शकते, हे घरात आधी बोलून ठेवा. नोंदणी सीएससी केंद्रावर होते, पडताळणी ग्रामपंचायतीकडून.

तर मैत्रिणींनो, खंडेनवमीला अजून वेळ आहे. आजच माळ्यावरची, गोठ्यातली अवजारं खाली काढा. कुणाचं काय आहे ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, आणि ते अवजार त्यांच्या हातात देऊन बघा. भंगारवाला दारात आला तर त्याला चहा पाजा, फुटकी बादली द्या, पण पटाशी देऊ नका.

पेटी करताना काही अडलं तर गटाच्या बैठकीत विचारा. काकू असतात.

येते मी. नमस्कार.